न उचललेला भंडारा

वेल्ह्याच्या बाजूची ती मुखवट्याची चोरी माझ्या मनातून आजही गेलेली नाही. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यांतले बरेच तपशील आता एकमेकांत मिसळतात आणि कुठला पंच कुठल्या गावचा हे मला सांगता येत नाही. ही चोरी मात्र जशीच्या तशी आठवते. गुन्हा लहान होता, मुद्देमाल मिळाला, आरोपीने कबुली दिली आणि शिक्षाही झाली. कागदावर पाहिलं तर इतका सरळ तपास मी पुन्हा कधी केला नाही.

तेव्हा भोर संस्थान होतं आणि मी फौजदार म्हणून वेल्ह्याच्या ठाण्यावर नुकताच आलो होतो. नसरापूरपर्यंत मोटार मिळायची. तिथून पुढे बैलगाडी, नाहीतर तट्टू, नाहीतर आपले पाय. मुलांच्या शाळेसाठी पत्नी पुण्याला माहेरी राहायची. मी ख्रिस्ती. वडील नगरकडे मिशनच्या शाळेत मास्तर होते. ठाण्यातच काय, त्या अख्ख्या खोऱ्यात मी एकटाच ख्रिस्ती असेन. रविवारी दार लोटून मी एकट्याने उपासना करायचो. लहानपणापासून गायची सवय होती, पण रिकाम्या खोलीतला एकट्याचा आवाज माझा मलाच ऐकवेना. मग मी गीतं मनातल्या मनात म्हणायला लागलो.

लोक वाईट होते असं मी म्हणणार नाही. कुठल्याही वाडीवर गेलो की घोंगडी अंथरायचे, दूध द्यायचे. माझं पिऊन झालं की तो पेला वेगळा काढून ठेवायचे. मी ते पाहिलं नाही असं दाखवायचो आणि त्यांनीही ते खरं धरायचं ठरवलं होतं. असं आमचं बरं चाललं होतं.

माझा हवालदार त्याच मावळातला, वयाने माझ्याहून मोठा. आरोपीला ओळखायला त्याला थोडा वेळ लागे, साहेबाला ओळखायला अजिबात लागत नसे.

मार्गशीर्ष लागला त्याच्या दुसऱ्या सकाळी वरच्या अंगाच्या एका गावचा पोलीस पाटील देवळाच्या गुरवाला घेऊन ठाण्यावर आला. दोघेही चालत आले होते. गुरव पायरीवरच बसला, हकीकत पाटलानेच सांगितली.

"घट बसवायला पेटी उघडली, साहेब, आन आत देवच न्हाई!"

त्या गावात खंडोबाचं जुनं देऊळ आहे. देवाचा चांदीचा मुखवटा वर्षभर पेटीत कुलूपबंद असतो. मार्गशीर्षात घट बसतात तेव्हा तो बाहेर काढतात आणि चंपाषष्ठीला हळद लावून मिरवतात. तोच मुखवटा नाहीसा झाला होता आणि चंपाषष्ठी तोंडावर आली होती.

"कुणावर संशय?" मी विचारलं.

"गावातल्या कुनावर न्हाई. गाव साफ हाये. घरटी मानसानं बेलभंडारा उचललाय."

म्हणजे माझ्याकडे यायच्या आधीच गावाने आपला तपास पुरा केला होता. बेलाचं पान आणि देवाची हळद तळहातावर घ्यायची आणि देवासमोर बोलायचं, की हे काम माझं नाही. खंडोबासमोर असं खोटं बोलेल असा माणूस त्या डोंगरात सापडणं कठीण. त्यामुळे चोर बाहेरचा, हे ठरूनच गेलं होतं.

वाटेने जाताना हवालदार गालातल्या गालात हसत होता. काय झालं विचारलं तर म्हणाला, "लोक काय बी बोलत्यात, साहेब. म्हनं देव सोताच उठून गेला. आपली बदली हितं झाली म्हनून."

"मग परत कधी येणार म्हणतात?"

"आपली बदली झाल्यावर."

मी हसलो खरा, पण ते बोलणं गावाच्या वेशीपर्यंत माझ्याबरोबर चालत आलं.

पेटी पाहिली. कुलूप शाबूत, कडी शाबूत, ओरखडाही नाही. बाहेरचा चोर कुलूप फोडतो. ते परत जागेवर लावून ठेवायची तसदी तो घेत नाही. म्हणजे किल्लीने उघडलं होतं आणि किल्ली गुरवाच्या करगोट्याला असायची. मी त्याला देवळामागे चिंचेखाली बसवलं. तो पुन्हा पुन्हा एकच सांगत होता, की मी भंडारा उचललाय, मी देव नेला नाही. माझा अनुभव असा आहे, की शपथ घेतलेला माणूस विचारलेल्या प्रश्नापुरता खरा असतो. म्हणून मी प्रश्न बदलला. देव कुणी नेला हे विचारलंच नाही. घट बसायच्या आधी ही किल्ली तुझ्या कमरेची सुटून कुणाच्या हातात गेली होती, एवढंच विचारलं.

त्याने कमरेची किल्ली चाचपली. मग म्हणाला, "भांडी घासायला दिलीवती. देवाच्या समया चिंचेनं घासाव्या लागत्यात. त्या बी पेटीतच असत्यात. म्या हुबं ऱ्हायला पायजे व्हतं, पर घरी गाय व्यायला झालीवती, म्हून गेलो."

"समया कुणी घासल्या?"

घट बसायच्या आधी देऊळ सारवायची आणि भांडी घासायची सेवा गावातल्या एका शेतकऱ्याच्या घराकडे पिढ्यान् पिढ्या होती. त्या वर्षी त्या घरची सून आली होती. पण तिच्या नवऱ्याने तर सगळ्यांच्या आधी पुढे होऊन भंडारा उचलला होता, असं गुरव म्हणाला आणि त्याला हायसं वाटलं.

तिथे माझ्या लक्षात आलं. भंडारा उचलला होता तो पुरुषांनी. घरचा कर्ता उचलतो म्हणजे घर उचलतं, असा रिवाज. त्या कर्त्याला जे माहीत नाही ते त्याच्या शपथेत येत नाही, हा साधा विचार अख्ख्या गावात कुणी केला नव्हता. बाईमाणूस देवाला हात लावेल हे त्यांच्या स्वप्नातही येणं शक्य नव्हतं. मी त्यांच्यातला असतो तर मलाही सुचलं नसतं.

बाईला पाटलाच्या ओसरीवर बोलावलं. रिवाजाप्रमाणे पाटलीणबाईंना शेजारी बसवलं. बाई पंचविशीच्या आतली, अंगाने काटक. कडेला चारपाच वर्षांची मुलगी होती. आईच्या पदराचं टोक तोंडात धरून ती माझ्या टोपीकडे बघत होती. मी विचारलेल्या कुठल्याही प्रश्नाला बाईने उत्तर दिलं नाही. नाही म्हणाली नाही, हो म्हणाली नाही. खोटं बोलणारा माणूस बोलतो. गप्प बसणाऱ्याकडे बहुतेक वेळा सांगण्यासारखं काहीतरी असतं.

शेवटी ती म्हणाली, "सांगते. पर आदी तुमी भंडारा उचला. म्या सांगितलेलं तुमच्या पोटात ऱ्हाईल, कुनाला कळनार न्हाई, असं देवाम्होरं बोला. मग सांगते."

पाटलीणबाईंनी तोंडाला पदर लावला. हवालदार मला दंडाला धरून जवळजवळ ओढतच अंगणात घेऊन आला.

"उचला, साहेब," तो म्हणाला. "काम झालं."

"आणि मग? तिने सांगितल्यावर मला लिहावं लागेल, तिला धरावं लागेल."

"लिवा की. धरा की. आवो, खोटा भंडारा आमाला लागतोय. आपला देव येगळा. आपन हळद हातात घ्येतली काय आन हातरुमाल घ्येतला काय, आपल्याला त्याचं काय? म्या उचलला तर माजं पोरबाळ जाईल. आपल्याला तर काईच व्हनार न्हाई." आणि मग त्याने मनापासून सांगितलं, "साहेब, ह्या कामाला ख्रिस्ती फौजदारच पायजे व्हता."

तो थट्टा करत नव्हता. त्याच्या हिशेबाने मी देवानेच धाडलेला माणूस होतो.

मी थोडा वेळ मागून घेतला आणि गावाखालच्या ओढ्यावर जाऊन बसलो. ऊन चांगलं तापलं होतं, पण ओढ्याच्या दगडांत अजून थंडी होती. समोर तोरण्याचा कडा. मला कुणालातरी विचारायचं होतं आणि विचारायला कुणीच नव्हतं. आमच्या चर्चचे पाळकसाहेब पुण्यात. पत्नी पुण्यात. वडील वारलेले. हवालदाराचं म्हणणं मला वेडगळ वाटलं नाही, खरी अडचण तीच होती. लहानपणापासून मला शिकवलं होतं, की मूर्तीत काही नाही. मग त्या मूर्तीसमोर काढलेल्या शब्दातही काही नाही, हे ओघानेच येत होतं. एक पान आणि चिमूटभर हळद. चंपाषष्ठीच्या आत देव परत येईल, गाव शांत होईल, माझं नाव होईल. माझ्या धर्मानेही मला मोकळीक दिल्यासारखी होती.

पण तिच्या बाजूने पाहिलं की सगळं उलटं दिसायचं. ती माझ्या देवाकडे काही मागत नव्हती. तिचा विश्वास ज्याच्यावर होता, त्याच्या नावाने माझ्याकडून शब्द मागत होती. तो विश्वास मला नाही, म्हणून मी तो वापरून तिला फसवणार. आमच्या शिकवणीत हो म्हणजे हो आणि नाही म्हणजे नाही, शपथेची गरजच नसावी. ते वाक्य मी कितीदा ऐकलं होतं, पण कधी उपयोगी पडेल असं वाटलं नव्हतं. हळद कुणाचीही असो, जीभ माझी होती. इतकं कळायला मला ओढ्यावर बसावं लागलं, आणि कळल्यावर हलकं वगैरे काही वाटलं नाही. फार एकटं वाटलं. मी जे करणार होतो ते बरोबर आहे, असं म्हणणारा एकही माणूस त्या खोऱ्यात नव्हता.

परत येऊन तिच्यासमोर बसलो. म्हणालो, "बाई, मी भंडारा उचलणार नाही. तू जे सांगशील ते मी लिहिणार. मुखवटा मिळाला तर तो देवळात जाईल आणि तुला माझ्याबरोबर भोरला यावं लागेल. तिथे शिक्षा होऊ शकते. हे ऐकून मग सांगायचं तर सांग, नाहीतर सांगू नकोस."

हवालदाराने कपाळावर हात मारला, तो आवाज मला ऐकू आला.

 मुलीच्या तोंडातला पदर बाईने हळूच सोडवून घेतला. मग म्हणाली, "कनगीत हाये. नाचनीच्या तळाला."

"आता का सांगितलंस?" मला विचारल्याशिवाय राहवेना.

"आजवर मला कुनी आदी सांगितलं न्हाई, म्होरं काय व्हनार त्ये. लगीन झालं तवा न्हाई, नवस बोलले तवा न्हाई. तुमी सांगितलं."

मग तिने सगळं सांगितलं. तिचा दीर लहानपणी दुखण्याने मरता मरता वाचला तेव्हा सासूने नवस बोलला होता, की घरात पहिली नात झाली की खंडोबाला देईन. देवाला द्यायचं म्हणजे देवाशी लग्न लावायचं आणि त्या मुलीने मुरळी म्हणून जन्मभर नाचत, मागत फिरायचं. त्या मुलींचं पुढे काय होतं हे पोलिसाला कुणी सांगावं लागत नाही. मुलीच्या बारशाला नवऱ्याने हिच्यासाठी भंडारा उचलला होता, की पोर देणार नाही. आता त्याच्या आईने अन्न सोडलं आणि तो फिरला. त्या गावात मुखवट्याला हळद लागली की मग देवाचं लग्न लागतं. यंदाच्या चंपाषष्ठीला या मुलीचं लागायचं होतं.

"देवच न्हाई तर हळद कुनाला लावतील?" ती म्हणाली. "तुमाला भंडारा उचला म्हनाले, कारन दुसरं काय मागायचं त्ये मला ठावंच न्हाई."

पंच बोलावले, कणगी उपसली. नाचणीखाली मुलीच्या जुन्या कुंचीत मुखवटा गुंडाळलेला होता. कपाळावर ताजी हळद होती आणि झेंडूचं एक फूल, फार तर आदल्या दिवशीचं.

"उपाशी न्हाई ठिवला देवाला," ती कुणालाच उद्देशून नसल्यासारखी बोलली.

नवरा दारात उभा होता. त्याने खरीच शपथ घेतली होती. सासूने मात्र ऊर बडवून गाव गोळा केलं. मुखवटा सुपूर्दनाम्यावर गुरवाच्या ताब्यात दिला आणि जत्रेची वाट मोकळी केली. मुद्देमाल खरं तर भोरला न्यायला हवा होता, पण गावाचा देव पोत्यात घालून नेण्याइतकी मला हौस नव्हती. बाईबरोबर मुलीलाही घेतलं. अटकेतल्या आईबरोबर लहान मूल नेता येत होतं. कुणी आडवं आलं नाही, कारण सगळे देवामागे देवळाकडे गेले होते.

निघताना पोलीस पाटील शेजारून चालू लागला. खालच्या आवाजात म्हणाला, "साहेब, चोरी लिवा. नवसाचं कशाला लिवताय? गावाचं नाव खराब व्हतं. बाई बी कबूल हाये, काम भागलं."

"तिने जे सांगितलं ते सगळं लिहिणार, पाटील."

"तुमाला आमच्या देवाचं कळायचं न्हाई," तो म्हणाला आणि वेशीवरच थांबला. त्यानंतर त्या गावात मला कुणी घोंगडी अंथरली नाही. काही लोक म्हणाले, बाटग्याने आमच्या धर्मात हात घातला. पुण्याला आमच्या चर्चच्या मंडळीतल्या एका वडीलधाऱ्यांना ही हकीकत सांगितली तर त्यांना वेगळंच खटकलं. मूर्ती तुम्ही परत देवळात का पोचवलीत, असं त्यांनी विचारलं. 

नसरापूरहून मोटारीने भोरला गेलो. मुलीने मोटार पहिल्यांदा पाहिली होती. भाटघरच्या धरणाची भिंत दिसली तेव्हा ती उठून उभी राहिली आणि आईला हाका मारून दाखवू लागली. आईने मान वर केली नाही.

मॅजिस्ट्रेटसमोर मी जबानी जशीच्या तशी ठेवली, नवसासकट. बाईला थोड्या मुदतीची साधी कैद झाली. देवळातली चोरी ती चोरीच. पण नवसाचं प्रकरण उजेडात आल्यामुळे नवऱ्याला बोलावून घेतलं आणि मुलगी देवाला देणार नाही असा मुचलका त्याच्याकडून लिहून घेतला. मोडलास तर तुरुंगात जाशील, हे त्याला भर कोर्टात ऐकवलं. मुलगी बापाच्या ताब्यात गेली. कायद्याने तिथेच जायला हवी होती. कोर्टाच्या पायऱ्यांवर ती आईच्या लुगड्याला धरून बसली होती. तिची बोटं एकेक करून सोडवावी लागली. ते काम बापाला जमेना, हवालदाराने केलं.

पुढच्या साली कोर्टाच्या एका तारखेहून परतताना नसरापूरला मोटारीच्या थांब्यावर ती मला दिसली. हातात लहानसं गाठोडं होतं. मीच जवळ गेलो. ती सुटून घरी गेली होती, सासूने उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. माहेरी भावांनी एक वेळ जेवू घातलं आणि वाट दाखवली. देव चोरणारी बाई कोण ठेवणार? पुण्याला धुणीभांडी करून राहायचं तिने ठरवलं होतं.

"मुलगी?" मी विचारलं.

"लांबून बगितली. उंच झालीया. मला वळखू दिलं न्हाई तिला." मग म्हणाली, "पर मुरळी न्हाई केली. तुमच्या कागदाला भ्यालेत."

मी म्हणालो, पुण्याला माझी पत्नी आहे, पत्ता देतो, ती काहीतरी सोय लावील. बाईने लगेच मान हलवली.

"तुमच्यात गेले तर लोक म्हनतील बाटली. मग पोर लांबून बी दिसायची न्हाई."

ते खरं होतं. मोटार यायची होती. आम्ही दोघं तिथेच उभे राहिलो. मी तिचं काहीही करू शकत नव्हतो आणि तिला सोडून निघूनही जाता येत नव्हतं. मग तीच बोलली. रागाने नाही, एखादी अडचण सांगावी तशी.

"साहेब, तुमी तवा भंडारा उचलला असता आन मग फिरला असता, तर बरं झालं असतं. रोज सकाळी उठून तुमाला शिव्या घातल्या असत्या. तेवढाच जीव हलका. नवऱ्याला घालू तर तो पोरीचा बाप. सासूला घालू तर तिच्याच हातचं पोर खाती. देवाला घालू तर म्याच त्याला चोरला. तुमी तर खरंच बोलला. आता म्या घालू कुनाला?"

पोलिसाच्या नोकरीत मला पुष्कळ लोकांनी पुष्कळ बोललं, पण इतकं लागेल असं कुणी बोललं नाही. त्या दिवशी मी भंडारा उचलला नाही याचा मला पस्तावा नाही. आजही उचलणार नाही. पण बरोबर वागलं की निदान आपलं मन तरी आपल्या सोबत राहतं, असं जे मी धरून चाललो होतो, ते पुरतं खरं नाही. बरोबर वागल्याची किंमत कधी कधी दुसऱ्याला भरावी लागते आणि आपल्याला ती बघत उभं राहावं लागतं. मुलगी वाचली, आई उघड्यावर पडली. यातलं एक घेऊन दुसरं टाकण्याची सोय मला कुणी दिली नव्हती.

मोटारीचा भोंगा वाजला. त्या खोऱ्यात मला सगळे फौजदार नाहीतर साहेब म्हणायचे, नावाने कुणी हाक मारत नसे. मी तिला माझं नाव सांगितलं. म्हटलं, "मला घालत जा."

तिने ते नाव एकदा तोंडात घोळवून पाहिलं, मान डोलावली आणि मोटारीत चढली.

पुढे ती कुठे राहिली, जगली की नाही, मला कळलं नाही. पत्नी आता नाही, मुलं आपापल्या गावी आहेत. सकाळी जाग आली की घरात कुणाचा आवाज नसतो. तेव्हा कधी कधी वाटतं, पुण्यातल्या कुठल्यातरी मोरीवर भांडी घासताना ती आजही माझं नाव घेत असेल, आणि तिने ते घेत राहावं अशी मी प्रार्थना करतो.